घाट उतरण्यापूर्वी

बेळगावाहून गोव्यात उतरण्यास मोटारीच्या वाटा मुख्यत्वे तीन आहेत. एक आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीस जाणारी. दुसरी खानापूर, लोंढा, रामनगर करीत अनमोडच्या घाटाने मोलेमला पोहोचणारी. आणि तिसरी जांबोटी व कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने केरी आणि साखळी गाठणारी. आमच्या सोयरिकी बार्देशात पुष्कळ असल्यामुळे ही तिसरी वाट आम्हांस विशेष परिचयाची. लग्ने, बाप्तिस्मे आणि मर्तिके या निमित्तांनी तिच्यावरून आमच्या किती खेपा झाल्या असतील, याची गणना नाही.

आज या वाटेविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. परंतु घाटातील धुके व धबधबे यांचे वर्णन करणे हा आमचा मुख्य हेतू नव्हे. या वाटेने आम्हांस एकदा कणकुंबीच्या माथ्यावर थांबविले आणि जुन्या मोटारीचा आवाज कसा ऐकावा याचा धडा दिला. तो धडा वाचकांच्या कानी घालावा असे वाटते. कारण हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतूनही गल्लीगणिक एखादी सेकंडहँड मोटार येऊन उभी राहिली आहे, आणि तिच्यात बसून घरची म्हातारीकोतारी व पोरेबाळे घाट उतरत असतात.

ही गोष्ट २०२४ च्या जानेवारीतील. आमच्या धाकट्या बंधूंनी नाताळाच्या सुमारास एक लहान, नऊ वर्षे वापरलेली मोटार विकत घेतली होती. रंग चांगला, आसने स्वच्छ, इंजिन मऊ. पहिले सात-आठ दिवस गाडीने तोंडातून अवाक्षर काढले नाही. पुढे एके दिवशी ब्रेक दाबताच उजव्या बाजूस, पायांच्या पुढच्या अंगास, 'टक्' असा आवाज झाला. कोणीतरी लाकडी हातोडीने पत्र्यावर एकच ठोका द्यावा, तसा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा झाला आणि आठवड्याभरात तो नित्याचाच होऊन बसला.

बंधू गाडी घेऊन एका गॅरेजात गेले. तेथील कारागिराने गाडीखाली ओझरते पाहिले आणि ब्रेकचे पॅड बदलले. आवाज राहिला तो राहिलाच. मग त्याने पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले व खाली कसलेसे तेल फवारून दिले. या सर्वांचे मिळून साडेसात हजार रुपये झाले. आवाज मात्र खरोखरच बंद पडला! बंधूंना हायसे वाटले, आणि मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नास याच गाडीने जावयाचे असा बेत ठरला.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वधूच्या घरी रोस होता. वधूला नारळाचा रस लावण्याच्या या विधीस मावशीचे जाणे अगत्याचे होते. कारण घरात तिच्यापेक्षा वडील असे कोणी उरले नव्हते. तेव्हा त्या दिवशी सकाळीच आम्ही, बंधू, भावजय आणि सत्त्याहत्तर वर्षांची मावशी असे चौघे निघालो. बरोबर कुंद्याचे दोन डबे होते आणि मावशीच्या परसातील पाच नारळ होते. गोव्यास नारळ नेणे म्हणजे समुद्रास घागरभर पाणी नेऊन घालण्यासारखे आहे, असे आम्ही म्हणून पाहिले. परंतु "रोसाला माझ्या झाडाचाच नारळ हवा," यापलीकडे मावशीने काही ऐकून घेतले नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. जानेवारीतील सकाळी तेथे चांगलीच थंडी असते. पिरनवाडी सोडून किणये मागे टाकले, आणि जांबोटीच्या रस्त्याची झाडी सुरू होते न होते तोच एका वळणापूर्वी बंधूंनी ब्रेक दाबला आणि 'टक्' असा तो ओळखीचा आवाज पुन्हा ऐकू आला. त्यापाठोपाठ काहीतरी गडगडत गेले. भावजयीने दचकून आमच्याकडे पाहिले. गाडी थांबवून डिकी उघडली, तो मावशीचे पाचही नारळ पिशवीतून सुटून डिकीभर हिंडत होते. "घ्या, सापडला तुमचा रोग!" असे मावशी हसून म्हणाली. आम्ही नारळ बांधून टाकले, सैल झालेला जॅक चिंध्यांत गुंडाळून घट्ट बसविला आणि पुढे निघालो. गडगडणे थांबले. 'टक्' मात्र तसाच राहिला.

तरीही हा प्रसंग उपयोगाचा होता, हे आम्हांस मागाहून कळले. ब्रेक दाबल्यावर गाडीतील प्रत्येक मोकळी वस्तू पुढे धावते. जॅक, पाना, सैल झालेली स्टेपनी, आसनाखालची पाण्याची बाटली, ही सारी वाजू लागतात आणि माणूस बिचाऱ्या चाकांना दोष देतो. म्हणून आवाजाचा शोध घ्यावयाचा तर प्रथम गाडी रिकामी करावी.

जांबोटीच्या पुढे रस्ता दाट रानातून वर चढतो आणि कणकुंबीस येतो. हे गाव लहान असले, तरी भूगोलाच्या दृष्टीने मोठ्या मानाचे आहे. येथेच, माउलीच्या देवळापाशी, मलप्रभा नदीचा उगम आहे. ती येथून पूर्वेस वळते आणि कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. त्याच परिसरातून निघणारे कळसा नाल्याचे पाणी मात्र पश्चिमेस म्हादईकडे वाहते, आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्रात पोहोचते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाच्या सरीतील काही पाणी एका समुद्रास जाते आणि काही दुसऱ्या. माणसाने कोणत्या बाजूस उतरावयाचे याचा विचार करावा, अशीच ही जागा. घाटाचा खरा उतार येथून थोडे पुढे, चोर्ला ओलांडल्यावर सुरू होतो.

चहासाठी आम्ही रस्त्याकडेच्या एका टपरीपाशी थांबलो. तेथे बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सरकारी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काढून निवृत्त झालेले ते मिस्त्री, असे टपरीवाल्याने पुढे सांगितले. आमची गाडी थांबताना झालेला आवाज त्यांनी ऐकला होता. चहाचा पेला खाली ठेवून ते बंधूंना म्हणाले,

"पाव्हणं, गाडी काय म्हणती?"

बंधू म्हणाले, "काही विशेष नाही हो. मागच्याच आठवड्यात काम करून घेतले आहे. थोडा आवाज राहिला आहे, इतकेच."

"थोडा म्हंजे कसा? ब्रेक मारल्यावरच बोलती, का खड्ड्यात बी बोलती? एकदा बोलती, का बोलतच ऱ्हाती?"

या प्रश्नांची उत्तरे आमच्यापैकी कोणापाशीच नव्हती. तीन आठवडे तो आवाज ऐकूनही आम्ही तो नीट ऐकला नव्हता. साडेसात हजार रुपये घेणाऱ्यानेही हे प्रश्न केले नव्हते.

मिस्त्रींनी मग बोटांवर मोजून समजावून सांगितले. ब्रेक दाबताना 'किर्र' अशी बारीक किंचाळी उठली तर प्रथम पॅडकडे पाहावे. पुष्कळ पॅडांना एक पातळ पत्री असते, पॅड झिजला म्हणजे ती डिस्कला घासून ओरडते. घासल्यासारखा 'खरखर' आवाज आला तर पॅड पार संपून लोखंडावर लोखंड घासत असण्याचा संभव आहे, आणि ती गाडी तेथेच उभी करावी. ब्रेकचा पेडल आणि स्टिअरिंग थरथरू लागले तर डिस्क समतल राहिलेली नाही असे समजावे. हल्लीच्या एबीएस असलेल्या गाड्यांत निसरड्या जागी ब्रेक जोराने दाबला म्हणजे पेडलखाली 'गरगर' होते. तो दोष नव्हे, ती त्या यंत्रणेची रीतच आहे. लहान खड्ड्यांवर 'खुळखुळ' वाजत असेल तर दोन्ही बाजूंस जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या लिंक पाहाव्यात. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरविताच स्प्रिंग 'टण्ण' करीत असेल तर शॉकअब्सॉर्बरच्या वरचे माउंटिंग पाहावे. "पण टक् असा एकच ठोका," मिस्त्री म्हणाले, "म्हंजे काहीतरी सैल हाय आन् ते जाऊन आदळतंय. ते कोण, तेवढंच हुडकायचं."

वाचकांपैकी ज्यांना गाडीच्या पोटातील रचना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. आजच्या बहुतेक लहान मोटारींचे पुढचे चाक एका उभ्या खांबास टेकलेले असते. या खांबात शॉकअब्सॉर्बर असतो व त्याभोवती स्प्रिंग. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ही पद्धती योजिली, आणि १९५० साली इंग्लंडात निघालेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती. खांब चाकास वरून धरतो. खालून चाकास जागेवर धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. त्यास कारागीर 'लोअर आर्म' म्हणतात. त्याचे एक टोक चाकाच्या बाजूस बॉल जॉइंटने जोडलेले असते, आणि दुसरी बाजू गाडीच्या सांगाड्यास दोन रबरी बुशांनी जखडलेली असते. गाडी धावत असताना ब्रेक दाबला म्हणजे रस्ता चाकास मागे ओढतो आणि गाडीचा देह मात्र पुढे जाऊ पाहतो. ही सारी ओढाताण त्या हाताला व त्याच्या बुशांना सोसावी लागते. रबर शाबूत असेल तर ते धक्का गिळून टाकते. रबर फाटले असेल तर हात मागे सरकतो आणि लोखंड लोखंडावर आदळते.

टपरीशेजारी थोडी सपाट जागा होती. मिस्त्रींनी मावशीस व भावजयीस खाली उतरविले आणि बंधूंना गाडी माणसाच्या चालीने पुढे घेऊन ब्रेक दाबावयास सांगितले. 'टक्'. तसेच आणखी पुढे घेऊन पुन्हा ब्रेक. पुन्हा 'टक्'. ब्रेक सोडून गाडी पुढे निघतानाही एक हलका ठोका ऐकू आला. मग गाडी उलट घेऊन ब्रेक. तेव्हाही आवाज.

"पॅड नव्हं हे," मिस्त्री म्हणाले. पॅड आपल्या खाचेत सैल असला तर दिशा बदलल्यावर तो एकदाच सरकतो आणि तेथेच टेकून राहतो. त्याच दिशेने दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तर तो सहसा बोलत नाही. शिवाय खड्ड्यांवर वाजणारा पॅड ब्रेकवर हलका पाय ठेवताच गप्प होतो. येथे तर दर वेळी ठोका पडत होता. मग त्यांनी इंजिनाचा संशय फेडला. इंजिनाला धरणारी रबरे तुटली तर तेही ब्रेकसरशी पुढे झुकते आणि ठोका देते; परंतु असे इंजिन गिअर बदलताना व क्लच सोडतानाही बोलते. बंधूंनी गाडीला थोडी गती देऊन, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून, सपाटीवर ब्रेक दाबला. ठोका जसाच्या तसा.

त्यानंतरची परीक्षा आमच्या डोळ्यांनी पाहावयाची होती. मिस्त्रींनी आम्हांस गाडीच्या उजव्या अंगास, चांगले चार हात दूर, उभे केले आणि पुढच्या चाकावर नजर ठेवावयास सांगितले. गाडी हळू पुढे आली. बंधूंनी ब्रेक दाबला. चाक आपल्या कमानीत बोटभर मागे सरकलेले आम्ही स्पष्ट पाहिले! डाव्या बाजूचे चाक पाहिले, तर ते जागचे हलत नव्हते. इतके दिवस जो आवाज होता, तो आता दृश्य झाला होता, आणि ते दृश्य पाहून आमच्या पोटात गोळा आला.

शेवटी मिस्त्रींनी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावविले, जॅकने उजवी बाजू उचलली आणि जॅक घसरला तरी देह खाली येऊ नये म्हणून स्टेपनी काढून ती गाडीच्या कडेखाली आडवी सारून ठेवली. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीही, डोके घालू नये असे त्यांनी आम्हांस निक्षून सांगितले. मग लोंबत्या चाकाखाली एक लांब पहार घालून त्यांनी ते हळूच वर उचलून पाहिले आणि बंधूंना बॅटरीच्या उजेडात बाजूने पाहावयास लावले. लोअर आर्मचा मागचा बुश फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. त्यावर तेलाचा काळा, चिकट थर होता. बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फुटली होती, आतील ग्रीस जाऊन तेथे लाल मातीचा चिखल झाला होता, आणि पहार उचलताच तो सांधा वरखाली हलत होता.

"हे तेल कुणी मारलंय?" मिस्त्रींनी विचारले.

बंधूंची मान खाली गेली. गाडी घेतली तेव्हा पहिला आठवडाभर ती गप्प का होती, याचाही उलगडा आम्हांस तेथेच झाला. विकणाऱ्याच्या वेळी कोणीतरी हाच उपाय केला असावा, आणि पुढे गॅरेजातही तोच झाला. फाटक्या बुशावर तेल मारले की चार दिवस आवाज बसतो. परंतु खनिज तेलाने असले रबर फुगते, मऊ पडते आणि अधिक लवकर फाटते. आवाज बंद झाला म्हणजे काम झाले, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः दोष जागच्या जागी वाढत होता, आणि तो कळविणारे जे एकच साधन होते त्याचे तोंड आम्ही पैसे देऊन बंद करविले होते.

"आता पुढे जाता येईल का?" बंधूंनी विचारले.

मिस्त्री थोडा वेळ बोलले नाहीत. मग ते म्हणाले, "बुश फाटला असता तर मी बोललो असतो, हळू जावा, रिकामी न्यावा. पण ह्यो सांधा सुटला तर चाक आडवं पडतंय, मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. सपाटीला सुटला तर नशीब. घाटात सुटला तर काय सांगू? मी माझी माणसं ह्या गाडीत घालणार न्हाई."

आमच्यात थोडी कुजबुज झाली. बंधूंचा जीव तळमळत होता. रोसाची वेळ संध्याकाळची, गाव अद्याप साठ-सत्तर किलोमीटर दूर. "दुसऱ्या गिअरमध्ये अगदी सावकाश उतरू. इतक्या वेळा गेलो, काही झाले नाही," असे ते म्हणू लागले. खरे सांगावयाचे तर आमचेही मन तिकडेच ओढत होते. नवी-जुनी कशीही असो, आपली गाडी रस्त्यात टाकून लग्नघरी बसने जावयाचे, याची लाजही वाटत होती. तेवढ्यात मावशी बाकावरून उठली. तिने डिकीतून आपली नारळांची पिशवी काढून घेतली आणि टपरीवाल्यास विचारले, "बाळा, म्हापशाकडची गाडी किती वाजता येते रे?"

त्यापुढे वाद उरला नाही.

मोटार टपरीमागच्या अंगणात ठेवून आम्ही बसमध्ये चढलो. मावशीस खिडकीची जागा मिळाली. चोर्ला मागे पडले आणि घाटाचा उतार लागला. कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही राज्यांच्या सीमा या भागात एकमेकींस भिडतात. ज्या वाटेने आम्ही इतक्या वेळा गेलो होतो, ती त्या दिवशी आम्हांस निराळी दिसली. प्रत्येक वळणापूर्वी चालक गिअर खाली घेई, इंजिनाचाच आवर घालून बस वळणावर आणी, आणि ब्रेक दाबून लगेच सोडून देई. तो ब्रेकवर पाय ठेवून बसला नव्हता. सतत दाबून ठेवलेले ब्रेक घाटात तापतात. पॅडची पकड कमी होते, आणि ब्रेकचे तेल जुने होऊन त्यात हवेतील पाणी मुरले असेल तर ते उकळून पेडल पोकळ लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम त्यासाठीच आहे. एका बाजूस खोल दरी, दुसऱ्या बाजूस कापलेला डोंगर, आणि मध्ये तो रस्ता. ही वळणे मोजीत असताना त्या सैल सांध्याची आठवण आम्हांस दर वेळी होत होती. खाली अंजुणे धरणाचे पाणी चकाकू लागले आणि वाघेरीचा डोंगर मागे सरला, तेव्हा कोठे आमचा श्वास मोकळा झाला. केरी आले, साखळी आली, डिचोली आली. मावशी पाचही नारळ मांडीवर धरून स्वस्थ झोपी गेली होती.

रोसास आम्ही वेळेवर पोहोचलो. मावशीच्या झाडाच्या नारळाचा रस मावशीच्याच हाताने नातीच्या माथी लागला. आम्ही कोणत्या वाहनाने आलो, हे त्या गर्दीत कोणी विचारलेदेखील नाही.

लग्न उरकून तिसऱ्या दिवशी आम्ही कणकुंबीस परतलो. खानापुराहून एक तरुण कारागीर दोन्ही बाजूंचे नवे लोअर आर्म, बुश व बॉल जॉइंट यांसह घेऊन आला. एकाच वयाचे भाग असल्याने दुसऱ्या बाजूचाही बदलावा, असा मिस्त्रींचा सल्ला होता. ते स्वतः शेजारी स्टूल टाकून बसले होते. कारागीर चाक लोंबत असतानाच बुशाचे बोल्ट आवळू लागला, तेव्हा त्यांनी त्यास थांबविले. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार त्यांवर आला म्हणजे हात ज्या जागी बसतो, त्या जागी तो असतानाच ते बोल्ट पक्के आवळावयाचे असतात. लोंबत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली येताच रबरास कायमचा पीळ बसतो, आणि नवा बुशही थोड्याच काळात फाटतो. मजुरी, सुटे भाग आणि पुढे बेळगावात करून घेतलेले चाकांचे अलाइनमेंट, हे सर्व मिळून सव्वाचार हजार रुपये पडले. न विचारता झालेल्या कामास याच्या जवळजवळ दुप्पट गेले होते. मिस्त्रींनी स्वतःसाठी काही घेतले नाही. फार आग्रह केला तेव्हा कुंद्याचा एक डबा तेवढा ठेवून घेतला.

जुनी मोटार घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांस या अनुभवावरून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गाडी पाहावयास जाल तेव्हा गाणी बंद करून, काचा खाली घेऊन, एखाद्या भिंतीच्या कडेने ती सावकाश चालवून पाहावी. भिंतीवरून आवाज परत येतो व स्पष्ट ऐकू येतो. पुढे जाताना दोनदा व मागे येताना दोनदा ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढ घेते का, पुढच्या टायरांची एकच कड झिजली आहे का, हे पाहावे. खालचे बुश तेलाने ओले असतील तर तेल का मारले, हे विचारण्यास संकोच करू नये. आणि आवाज ऐकू आला तर गॅरेजात जाण्यापूर्वी तो केव्हा होतो, कोठे होतो व किती वेळा होतो हे कागदावर लिहून न्यावे. कारागीर प्रामाणिक असला तरी तो गाडीत तुमच्या शेजारी बसून कणकुंबीपर्यंत आलेला नसतो. तुम्ही आलेले असता.

पंधरा दिवसांनी नवपरिणीत दांपत्यास आणावयास आम्ही पुन्हा त्याच गाडीने त्याच वाटेने निघालो. मावशी बरोबर होती. कणकुंबीस थांबून मिस्त्रींना गाडी दाखविली. त्यांनी ती एकदा पुढे व एकदा मागे चालवावयास लावली, कान देऊन ऐकले आणि मान हलविली. मग आम्ही घाट उतरलो. पहिल्या मोठ्या वळणाशी बंधूंनी ब्रेक दाबला तेव्हा आम्ही सारेच श्वास रोखून बसलो होतो. काही वाजले नाही. उघड्या काचेतून रानातल्या पाखरांचा आवाज तेवढा येत होता.

"झालं ना?" मागून मावशी म्हणाली. "आता तरी मला घाट बघू दे."